तेलाचा काही संबंध नाही

—नाही, बोलू नका. तोंडात माझी दोन बोटं आहेत आणि एक आरसा आहे, आत्ता तुम्ही काहीही म्हणालात तरी मला ते 'आ'च ऐकू येणार. फार दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन. तर काय सांगत होतात — लवंगेचं तेल. शुद्ध. रोज झोपताना बोळा भिजवून दाढेवर. आणि बरं वाटत होतं म्हणे! वाटणारच हो. बधिर झाल्यावर कुणालाही बरंच वाटतं. आग लागली म्हणून घंटा वाजतेय, तर तुम्ही घंटेची वायर कापलीत आणि म्हणालात, वा, काय शांतता आहे घरात. तिकडे कीड खाली दाताच्या नसेपर्यंत पोचली, आणि तुम्ही आपले खूश. बरं, हे हिरडीवर पांढरं झालंय ना — तुम्हाला कुठून दिसणार, मला दिसतंय — हे भाजलंय. तेलाने. नैसर्गिक वस्तू भाजत नाही असं वाटलं होतं का? अफूसुद्धा झाडालाच लागते. कुणी दिली बाटली? मेव्हणीने? मान हलवू नका म्हटलं ना. इंजेक्शन देते आता, मुंगी चावल्यासारखं होईल — झालं. पाच-दहा मिनिटं लागतील बधिर व्हायला. पडून राहा तसेच.

सगळे हेच करतात हल्ली. तुम्हीच एकटे नाही, वाईट वाटून घेऊ नका. परवा एक बाई आल्या, त्या कसल्याशा झाडाच्या तेलाने गुळण्या करत होत्या. जीभ सोलवटून आलेली, आणि वर मलाच सांगतायत की डॉक्टर, त्याने जंतू मरतात, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. झालंय ना! मी कुठे नाही म्हणते? काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि त्यांच्यावर ते तेल ओतायचं, मरतात. साबणाचं पाणी ओतलं तरी मरतात. उकळता चहा ओतला तरी मरतात, म्हणून चहाला कुणी औषध म्हणतं का? बशी म्हणजे माणूस नव्हे, एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरत नाही. निलगिरीने फुप्फुसं स्वच्छ होतात, पुदिन्याने डोकं दुखायचं थांबतं, गुलाबाने म्हणे दुःख कमी होतं — दुःख! मोजलं कशाने? — आणि लव्हेंडर. लव्हेंडरने तर काय, सगळंच होतं. लव्हेंडरचं माझ्यापुढे नावसुद्धा काढायचं नाही.

कारण आमच्याच घरात आहे ना एक. माझी वहिनी. शिकलेली नाही असं नाही, चांगली शिकलीय, पण बाटलीवर पान-फूल छापलेलं दिसलं की हिची अक्कल गहाण. दादा छापखान्यात, दिवसभर तिकडेच, त्यामुळे घरात हिचंच राज्य. सर्दी झाली, आण तेल. झोप येत नाही, आण तेल. मी इतकी वर्षं ऐकून घेतलं, म्हटलं आपलं काय जातंय. पण आईवर प्रयोग सुरू केले तेव्हा मात्र — आई म्हणजे माझी आई. तिला विसरायला होतं. म्हणजे चष्मा विसरली, किल्ली विसरली तसलं नव्हे. मेंदूचा आजार आहे. गणित शिकवायची शाळेत, पोरं चळाचळा कापायची तिला, आणि आता स्वतःच्या घरात बसून विचारते, हे कुणाचं घर? दिवसा ठीक असते. ऊन उतरायला लागलं की उठते, दारं हलवते, मला घरी जायचंय, मला घरी सोडा, कुणीतरी मला कोंडून ठेवलंय. शेजारी खिडक्या लावून घेतात. मी तिला माझ्याकडे आणली. डॉक्टर मुलगी असताना आईने मुलाकडे का राहायचं? मोठे डॉक्टर गाठले, गोळ्या सुरू केल्या, गोळ्या वाढवल्या, तर ती नुसती मान टाकून बसायला लागली, एकदा पडली. कमी केल्या, पुन्हा दारं हलवणं सुरू. हात टेकले मी. — ओठ जड वाटतोय का? अजून नाही? थांबू.

तर एके दिवशी ही बया माझ्याकडे हजर, पिशवीतून एवढीशी निळी बाटली काढते, ताई, रागवू नका, पण लव्हेंडरने मन शांत होतं म्हणतात. म्हणतात! कोण म्हणतं? मी म्हटलं कर बाई तुला काय करायचं ते, मला पेशंट आहेत. संध्याकाळी परत आले तर आई खुर्चीत बसलेली, ही समोर खाली बसलेली, आईचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळतेय. तळवा, मग बोटं, मग मनगट. आणि बडबड चाललेली — बडबड तरी कशाची, भाजी महाग झाली, जिन्यात कुणी सायकल ठेवली, असलं काहीतरी. आई ऐकतेय. दारं हलवत नाही, घरी जायचं म्हणत नाही. जेवली. झोपली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आणि वहिनी माझ्याकडे बघून म्हणते, बघा ताई, लागू पडलं की नाही? आता तुम्हीच सांगा, डोक्यात जाणार की नाही? मी सगळं वाचून काढलं. कुठे मूठभर म्हातारे घेऊन केलेले प्रयोग, कुणी म्हणतं फरक पडतो, कुणी म्हणतं पडत नाही, निम्म्यांत तर तेल विकणाऱ्यांचाच हात. अशा गोष्टीवर माझी आई बरी होतेय असं माझ्याच घरात बसून मी ऐकून घ्यायचं?

मग मी काय केलं — छान केलं, ऐका. एका दुपारी ती बाटली बेसिनमध्ये ओतून दिली. स्पिरिटने धुतली, वाळवली. आत भरलं स्वयंपाकघरातलं साधं तेल आणि वरून कारखान्यात बनवलेल्या स्वस्त सेंटचा एक थेंब, जांभळ्या फुलाचा नुसता वास. झाडाचा अंशसुद्धा नाही. बूच लावलं, जागेवर ठेवली. संध्याकाळी वहिनी आली, चोळायला बसली. मी दारात उभी. आणि आई — शांत. तशीच! रोजच्यासारखी! बोटं पसरून देतेय तिच्या हातात. मी आठवडाभर दम धरला, म्हटलं एका दिवसाचा पुरावा पुरावा नसतो. मग दादाला जेवायला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. तेलाचा काही संबंध नाही. शून्य. मला वाटलं आता हिचा चेहरा पडेल. तर ती काय म्हणाली? म्हणाली, 'अगंबाई, मग बरंच झालं की ताई! ते बाटलीतलं फार महाग पडत होतं.' आणि दुसऱ्या दिवशी एका वाटीत साधं तेल घेऊन पुन्हा आईसमोर बसली. हरलेल्या माणसाने हरल्यासारखं वागायला नको का थोडं तरी?

गाल बधिर झाला? टोचतंय? नाही ना. मग आ करा मोठा. आवाज येईल, घाबरू नका — हे बघा, केवढा खड्डा केलाय. आतली नस गेल्यातच जमा आहे, ती काढून टाकते. तोंड मिटू नका — तर माझं म्हणणं इतकंच की तेल गळून पडलं, मग राहिलं काय? राहिलं ते चोळणं. अर्धा तास कुणी हात धरून बसलं, तर कुठलंही माणूस शांत होणार, त्यात औषध ते काय. हे कुणालाही जमेल. म्हणून मी म्हटलं, प्रयोग अर्धवट सोडायचा नाही. मी स्वतः बसले. क्लिनिक लवकर बंद करून. खरं लव्हेंडर आणलं, दुकानातलं सगळ्यात चांगलं, म्हणजे कुणी म्हणायला नको की वस्तूत कमी पडलं. तीच खुर्ची, तीच वेळ. आईचा हात घेतला. तुम्हाला सांगते, आमच्या घरात हात धरायबिरायची पद्धत नव्हती. पहिला नंबर आला की आई मान हलवायची, बस. त्यामुळे मला जरा — ते जाऊ दे. मी तळव्यापासून सुरुवात केली, वहिनी करते तशीच, आणि तिने हात ओढून घेतला. म्हणाली, कोण गं तू? सोड माझा हात. मी म्हटलं, आई, मी आहे. ती उठली, भिंतीला जाऊन चिकटली आणि ओरडायला लागली, ती कुठे गेली, तिला बोलवा, या बाईला बाहेर काढा. वहिनीला फोन करून बोलवावं लागलं. रिक्षा करून आली बिचारी, हाताला कणीक तशीच.

याचं कारण अगदी उघड आहे. माझे हात. कितीही धुवा, वास जात नाही. दवाखान्याचा, औषधांचा, लवंगेचा — हो, तोच येतोय तुम्हाला आत्ता, ही पांढरी पावडर मी लवंगेच्याच अर्कात मळतेय, तात्पुरतं भरायला. हसू नका, सुई लागेल. त्याला प्रमाण असतं, बोळा भिजवून कोंबायचा नसतो. तर त्या वासाला ती घाबरली. लहानपणी कधीतरी दात उपटला असेल कुणीतरी, ती भीती आत कुठेतरी बसून राहिलेली असणार. वासाची आठवण फार खोल असते मेंदूत, बाकी सगळं पुसलं तरी ती — काय? भुवया कशाला वर गेल्या तुमच्या? नाही, आधी म्हटलं ते वेगळं. वासाने माणूस घाबरणं वेगळं आणि वासाने माणूस बरं होणं वेगळं. वेगळंच आहे ते. तुम्ही डॉक्टर आहात की मी?

मग आईला पुन्हा दादाकडे पाठवली. मी पाठवली म्हणजे — संध्याकाळी इथे गर्दी असते ना. वहिनीलाही रोज येणं-जाणं जमेना. सगळ्यांच्याच सोयीचं झालं. मी जात असते मधूनमधून. सणवार नसले, पेशंट नसले की जाते. दारातून बघते, ती झोपलेली असते बहुतेक वेळा. उठवत नाही मी.

आणि परवा सकाळी वहिनीचा फोन. ताई, आई जेवत नाहीत, गालाला हात लावून बसतात, कुणाला तोंडात बघू देत नाहीत. मी विचारलं, काय लावलंस? तर म्हणते, काही नाही हो ताई, तुम्हाला विचारल्याशिवाय कसं लावू? आता हे सुचतंय! संध्याकाळी शेवटचा पेशंट संपला तशी बॅग उचलली आणि गेले. आई पलंगावर, उजवा गाल सुजलेला. माझ्याकडे बघितलं. मी तयारीतच होते की आता ओरडणार. वहिनीने तिचं डोकं मांडीवर घेतलं, वाटी जवळ ओढली, हात चोळायला लागली आणि तिला म्हणाली, आई, डॉक्टर आल्यात, दात बघतील. एवढंच. आणि आईने आ केला. तुम्ही केलात त्याच्यापेक्षा मोठा. मी आधी गालावर हात ठेवला, सूज किती ते बघायला, हातमोजे घालायच्या आधी, आणि तिने गाल टाकला माझ्या हातावर. सगळा भार. डोळे मिटून. दाढ हललेलीच होती, इंजेक्शन दिलं, काढली, हूं की चूं केलं नाही. हाताला वास — हो, येत असणार की. दिवसभर हेच मळत होते, आणि तशीच उठून —

तोंड उघडा जरा. अजून. लाइट डोळ्यांवर येतोय का तुमच्या? खाली घेते.

काही नाही. कापूस दाबून धरायला सांगितला, तो तिने धरला. मग म्हणाली, अहो डॉक्टरीणबाई, हात किती हलका तुमचा. मला! अहो-जाहो! जन्मात कधी 'अगं'शिवाय हाक मारली नाही तिने मला. म्हणाली, माझी मुलगीपण दातांचीच डॉक्टर आहे, फार हुशार. मी म्हटलं, मग तिला का नाही बोलावलंत? — कशाला विचारलं मी हे, काही गरज नव्हती. तर म्हणाली, नको, तिला फार काम असतं. तिला त्रास नाही द्यायचा. तुम्ही आलात ते बरं झालं. वहिनी मान खाली घालून चोळतेय आपली. बोट झालं की दुसरं बोट.

काय? मी काय म्हटलं? मी काय म्हणणार? म्हटलं, उद्यापर्यंत चूळ भरू नका, आजी.

तुम्ही भरा. तुम्हाला नाही सांगितलं ते, तुमची दाढ काढलेली नाही. भरा, ग्लास तिथे आहे. थुंका. हं. आज त्या बाजूने चावायचं नाही, पुढच्या आठवड्यात या. नाही, विचारू नका काही आता, झालं तुमचं. उठा, सावकाश. आणि जाताना दार ओढून घ्या.