थांबलेली कळ

जळगावच्या दवाखान्यात नंबरची वाट बघता बघता राजदीपच्या अंडकोषातली कळ एकदम थांबली. आता डॉक्टरांना दाखवायचं तरी काय, म्हणून तो असोद्याला परत जायला उठलाच होता. तेवढ्यात मागच्या बाकावरचं बोलणं कानावर आलं. टाके दाखवायला आलेला नासीर रिक्षावाला शेजारच्या पितांबरनानांना सांगत होता.

“माझी गोटी आतल्या आत पिळली जायची नाना, आणि आपोआप सुटायची.”

“सुटे तं मंग ऑपरेशन कसाले?”

“एखाद्या दिवशी सुटलीच नाही तर? रक्त बंद. काही तासांत ऑपरेशन झालं नाही, तर काढूनच टाकावी लागते.”

“तुले कसं समजनं?”

“मला कुठं! दुखणं थांबलं की मी रिक्षा काढायचो. बायको, हमीदा, प्रत्येक वेळी कॅलेंडरवर खूण करायची. डॉक्टरांनी विचारलं, तर मी मान खाली घालून बसलो. तीच बोलली. कोणती बाजू, किती वेळ, उलटी कधी झाली.”

“बठ्ठं तिनी सांगं?”

“सगळं तिनंच! सोनोग्राफीत काही दिसलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बाईंनी सांगितलं म्हणून कळलं. दोन्ही बाजू टाके घालून पक्क्या केल्या.”

“बाई मोठी हिंमतनी शे, भाऊ.”

“आहेच ना, नाना. लाजत मी बसलो होतो.”

“राजदीप कोण? काय त्रास आहे?” सिस्टरनं दारातूनच विचारलं. सगळ्या माना वळल्या.

“अंडकोष दुखतो, ताई,” राजदीप म्हणाला. “आत्ता दुखायचं थांबलंय. पण मला तपासून घ्यायचंय.”