रेणूची दोन वर्सं

मी मूळची साखऱ्याकडची, माळरानाची, शाळा म्हंजी काय ते मला लगीन व्हईपर्यंत ठावं नव्हतं, आन् लगीन तरी कवा, तेराव्या का चौदाव्या वर्साला, मोजलं कोनी? दिली इकडं शिरड शहापूरच्या अंगाला. आता पंधराक वर्सं झाली, गावच्या शाळेत लेकराइची खिचडी शिजवून राहिले. अंगठाबहाद्दर हाय मी, ते आधीच सांगते, कारन सगळं त्या अंगठ्यानंच केलं.

काय सांगू तुमाला, माझी रेणू चार वर्साची असन, पदराला धरून संगं यायची, मी तांदूळ निवडायचे आन् ही वर्गाच्या उंबऱ्यात बसून पैलीच्या लेकराइच्या आधी बाराखडी म्हनायची. मोठ्या गुरुजीला त्या साली पटावर एक लेकरू कमी पडून राहिलं होतं. ते म्हनले, बाई, हिचं नाव घालू का पैलीत? मी म्हनलं घाला की. ते म्हनले, वय भरत न्हाई, सहा लिवावं लागंल. आन् माझ्या डोस्क्यात हिशोब पेटला. आमच्यात पोरीला सोळा-सतराच्या वर घरात ठेवत न्हाईत, बाप उजवून मोकळा व्हतो. मंग सहाव्या वर्साला बसवली त दहावीच व्हनार, चौथ्याला बसवली त तोवर बारावी व्हईल. दोन वर्ग जास्तीचे! गुरुजीनं एक जून लिवला, सगळ्याइचाच एक जून असतो, साल तेवढं दोन मागचं टाकलं, मी अंगठा दिला. मी सटवी लई शहानी, त्या दिवशी हसत हसत घरी गेले.

पोरगी शिकली, बराबर शिकली. वर्गातल्या पोरी हिच्याहून वीतभर उंच, पन दहावीला हीच पैली. कॉलेज शिरडला, एसटीनं जायची-यायची. नर्सिंगचं म्हनायची. आई, मी दवाखान्यात लागले की तू खिचडी सोड, म्हनायची.

बारावीचा शेवटचा पेपर झाला आन् हिच्या बापानं स्थळ आनलं. मी भांडले, दोन दिवस चूल पेटवली न्हाई. तो म्हनला, काहून बोंबलून राहिली? लोकं कायद्याला भितेत, आपल्याला काय भेव, एक जूनला कागदावर अठरा भरतेत. एक जून गेला आन् चौथ्या दिवशी मांडव पडला.

रेणूनंच फोन केला, ते लेकराइच्या मदतीचा नंबर असतो त्याच्यावर. हळदीच्या दिवशी जीप आली. एक मॅडम, एक पोलीस. मी म्होरं झाले, म्हनलं सोळा हायेत व माय हिला, मी पैदा केलं, मला म्हाईत. मॅडम म्हनल्या, कागद दाखवा. हिच्या बापानं टीसी काढली, प्लास्टिकात घालून खिशातच ठेवली होती मेल्यानं. मोठे गुरुजी रिटायर झालेले, मांडवात जेवायला बसले होते. मी भर पंगतीत त्याइचे पाय धरले, गुरुजी, खरं सांगा. ते ताटातल्या भाताकडं बघत म्हनले, बाई, तुमी सांगितलं तसं मी लिवलं, अंगठा तुमचा हाय. मंग मॅडमनं रेणूला विचारलं, तुझी मर्जी हाय का? एका बाजूला बाप, एका बाजूला चुलते. पोर खाली बघत ऱ्हायली. मॅडमनं लिवून घेतलं, हरकत न्हाई. जीप शिवाराबाहेर गेली नसंल, इकडं हळद लागली.

रेणू रडली न्हाई. मला येवढंच म्हनली, तू काहून दिलास गं अंगठा?

लग्नाआधी सासरचे म्हनत होते, पोरगी शिकवू. पुस्तकं नेली होती तिनं संगं. सासू म्हनली, नर्सिंग कापसात कर.

बाळंतपनाला सरकारी दवाखान्यात नेली. डाक्टरीनबाईनं तिला बघितलं आन् विचारलं, वय किती हिचं, खरं सांगा. जावई म्हनला, एकोनीस. बाई माझ्याकडं वळली, तुमी आई ना, तुमी सांगा. आता खरं सांगितलं त जावई आत, हिचा बाप आत, मीबी आत, आन् वली बाळंतीन कोन्या दारात जाईल? कळा सोसत रेणू माझ्या तोंडाकडं बघून राहिली होती. मी म्हनलं, एकोनीस. तिनं भिताडाकडं तोंड केलं.

लई रगत गेलं, पन दोघी वाचल्या. पोरगी झाली. परवा बघाया गेले, मांडीवर घेतली, काळीभोर डोळ्याची हाय, टुकूटुकू बघती. मी म्हनलं, ही बी आईवानी हुशार निघंल, हिला आपन लई शिकवू. रेणू उठली, माझ्या मांडीवरून लेकरू काढून घेतलं. म्हनली, हिला शाळेत घालायला तू यायचं न्हाई.

मी म्हनलं, बरं माय. दोघी सुखानं ऱ्हावा. आन् पिशवी उचलून निघाले.