तीन ग्लास, एक नाक

बाबा : ...आणि शेवटी भाजलेल्या बदामाचा वास. लिहिलंस?

लेक : लिहिलं. पहिला ग्लास, शाण्णव सालची.

बाबा : शाण्णव म्हणजे तोंडाळ आत्या. म्हातारी झाली तरी जिभेची धार गेली नाही.

(हॉटेलचं तळघर, सकाळचे दहा. टेबलावर पांढरं कापड, त्यावर तीन ग्लास. एकाच नामांकित घराण्याची महागडी शँपेन, पण सालं तीन: शाण्णव, दोन हजार दोन आणि दोन हजार आठ. बाबा बत्तीस वर्षं इथले वाइनचे जाणकार आहेत. लेक चार वर्षांपासून त्यांच्याच हाताखाली शिकते. अकरा वाजता याच बाटल्या वर मालकाच्या पाहुण्यांसमोर जायच्या आहेत. त्याआधी बाबांनी प्रत्येकीला 'चालेल' म्हणायचं, अशी इथली रीत.)

बाबा : आता दुसरा. दोन हजार दोन. वा! मध. पावाची भाजकी कड. थोडा पिकलेला पेअर. ही गुणाची मोठी सून. चालेल. लिही.

लेक : बाबा, परत एकदा वास घ्या.

बाबा : परत कशाला? पहिला वास तेवढा खरा, पुढचे सगळे विचार. शिकवलंय ना तुला?

लेक : तरी घ्या.

बाबा : घेतला. मध.

लेक : ओला पुठ्ठा.

बाबा : काय?

लेक : ओला पुठ्ठा, बाबा. माळ्यावरचा भिजलेला खोका उघडावा तसा. बूच खराब निघालंय. मी इथे टेबलाच्या या टोकाला उभी आहे आणि मला येतोय.

बाबा : असेल. जरा सर्दी आहे मला.

लेक : नाहीये. आणि आज घाईघाईत मी सेंट मारून आलेय. जिन्यात आठवलं. म्हटलं, आता बाबा मला कुत्र्यासारखं हाकलणार. मागे नुसती पावडर लावली होती तर केवढं बोलला होतात! आज म्हणालात, "बस, उशीर झाला."

बाबा : उशीर झालाच होता.

लेक : मध, भाजकी कड, पेअर, मोठी सून. तुमच्या सात वर्षांपूर्वीच्या वहीत हेच शब्द आहेत. मला तोंडपाठ आहेत ते, शिकताना घोकलेत मी. तुम्ही ग्लासातून बोलत नाही आहात, वहीतून बोलताय.

बाबा : पहिल्या ग्लासाचं बरोबर होतं की नाही?

लेक : होतं.

बाबा : मग?

लेक : मग तेच विचारतेय. कसं?

बाबा : बूच बघ. शाण्णवचं आखडून खुंटीसारखं झालंय. आठ सालचं अजून खालून फुगतं. रंग बघ. कान लाव. जुनी दमानं बोलते, तरणी तडतडते. डोळे शाबूत आहेत, कान शाबूत आहेत. तेवढ्यावर चार महिने काढले. फक्त खराब बूच दिसत नाही आणि ऐकू येत नाही.

लेक : चार महिने? म्हणजे आई गेल्यापासून?

बाबा : तिला पोचवून घरी आलो. तू कॉफी केलीस. एक घोट घेतला आणि म्हटलं, पोरीनं गरम पाणीच दिलं. तिचं तरी डोकं कुठे ठिकाणावर आहे! पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग कळलं.

लेक : डॉक्टरांना दाखवलंत?

बाबा : दाखवलं. नाकात दिवा घालून बघितलं. म्हणाले, नाकाला काही झालेलं नाही. येईल कधीतरी. नाहीतर नाही.

लेक : आणि मला सांगावंसं नाही वाटलं?

बाबा : आई गेली, वर बापाचं नाक गेलं, हे काय सांगायचं? आणि खरं सांगू का बये, मलाही त्याचं फार वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं. जेवतो, झोपतो, ग्लास फिरवतो. रडू नाही, काही नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल होतो ना, तसा अख्खा मी झालोय.

लेक : मग रोज संध्याकाळी दार लोटून आईची शाल का हुंगता? पाहिलंय मी.

बाबा : वास आला का बघतो. आलाच तर आधी तिथे येईल, असं आपलं वाटतं.

लेक : ...बाबा, ती शाल मी धुतली.

बाबा : हं.

लेक : गेल्या महिन्यात. कपाट आवरताना ढिगात आली आणि मशीनमध्ये गेली. बाहेर काढल्यावर लक्षात आलं. संध्याकाळी तुम्ही ती नाकाला लावलीत, घडी घालून ठेवलीत, काही बोलला नाहीत. म्हटलं, सुटले. मग रात्रभर विचार करत बसले, यांना कळलं कसं नाही? साबणाचा भपकारा येत होता तिला.

बाबा : कळलं होतं.

लेक : कसं?

बाबा : हाताला. वीतभर आटलीय ती. कडाही चुरमडल्यात.

लेक : आणि तरी गप्प बसलात?

बाबा : तू तरी कुठे बोललीस? मी वाट बघत होतो, राग येतो का. म्हटलं, निदान राग तरी येईल. नाही आला.

लेक : आला असता तर बरं झालं असतं. मी रोज त्या शिव्यांची वाट बघतेय.

बाबा : उधार राहिल्या. किती वाजले?

लेक : साडेदहा.

बाबा : दोन हजार दोनची दुसरी बाटली आहे ना मागे? उघड. हा ग्लास ओतून टाक, दुसरा घे. आता तू हुंगायचंस, मी लिहितो.

लेक : मी? 'चालेल' मी म्हणू?

बाबा : दुसरं नाक आहे का इथे? एकच नियम, ग्लासात नाही ते सांगायचं नाही. बोल.

लेक : मध. मध खरंच आहे हो.

बाबा : असणारच. वही खोटी नाहीये, मी खोटा होतो. पुढे?

लेक : भाजकी कड आहे. पेअर नाही. आणि... नुकत्याच विझवलेल्या काडीचा.

बाबा : तो माझ्या वहीत नाही. लिहितो. शाण्णवच्या मानानं?

लेक : मऊ. पण गुणाची सून वगैरे काही नाही. कुणाचीच सून नाही ती. एकटी राहते, मजेत.

बाबा : तेही लिहितो. मालक डोक्याला हात लावतील. चालेल?

लेक : चालेल. आणि शाण्णवही चालेल, आता हुंगली मी. आठ सालचीही स्वच्छ आहे.

बाबा : चल मग. वर मी बोलतो. सांगतो, एक बाटली खराब होती. मी पास केली, लेकीनं धरली. इथून पुढे नाक तिचं.

लेक : सगळं सांगणार? आणि तुम्हाला काढलं तर?

बाबा : बुचं काढायला ठेवतील. नाहीतर नाही ठेवणार. धाकधूकही होत नाहीये बघ. तेवढाच फायदा.

लेक : थांबा. वाका जरा.

बाबा : काय आता?

लेक : कॉलर बघू. आई बघायची तशी.

बाबा : जन्मात थेंब घेतला नाही तिनं. पण दारातच कॉलर धरायची आणि सांगायची, आज जुनी उघडलीत. कधी चुकली नाही.

लेक : आणि वर, "टाका धुवायला."

बाबा : हो. ते रोजचंच... काय येतंय?

लेक : शाण्णव. सांडलीय तुम्ही. बदाम आहे. आणि तुमचा घाम. टाका धुवायला.

बाबा : आज नको. राहू दे दोन दिवस.