कडेची लेन

बाबा : झोप पूर्ण झाली होती, खाणं वेळेवर होतं, पोशाखही रोजचाच. मग काल पात्रता फेरीत, हीटमध्ये, माशी शिंकली कुठे?

आत्या : दादा, आधी बूड टेक. सकाळपासून तलावाच्या या बोळात येरझाऱ्या घालतोयस, बघून बघून मलाच गरगरायला लागलंय.

बाबा : मला बसवत नाही. सरावात ही काय पोहते ते तू पाहिलंयस. आज हिच्याबरोबर फायनलला उतरणाऱ्या सातही जणी मागे राहतील असा टाइम आहे हिचा. आणि काल? फायनलला निवडलेल्या आठांत आठवी.

मुलगी : फायनलला आले ना पण.

बाबा : काठावर आलीस. निवासी प्रशिक्षण शिबिराला पहिल्या दोघीच घेणार. पुढच्या वर्षी या वयोगटात तू बसत नाहीस. जे काय व्हायचं ते आज.

मुलगी : माहितीये बाबा. कितीदा सांगाल?

आत्या : घाबरली असेल रे. गाडीच्या परीक्षेच्या दिवशी मला पायाखालचा ब्रेक सापडत नव्हता. रोज चालवत होते तीच गाडी.

मुलगी : घाबरले नव्हते मी. आत्या, सांगू का त्यांना?

आत्या : सांगून टाक बाई. मी तरी तोंडाला कुलूप लावून किती दिवस फिरू?

बाबा : काय सांगायचंय?

मुलगी : मागच्या आठवड्यात तुम्ही मला विश्रांती दिली होती ना, तेव्हा मी पोहत होते. आत्याच्या घराजवळच्या तलावात.

बाबा : अगं, अंगातला थकवा जावा म्हणून स्पर्धेआधी विश्रांती असते. एवढं कळत नाही तुला? आणि तू, तू मोठी असून हिला घेऊन गेलीस? म्हणजे काल ही दमून पाण्यात उतरली.

मुलगी : दमण्याइतकं पोहलेच नाही. रोज एकदाच, सगळी ताकद लावून, आणि लगेच बाहेर. तुम्ही नसताना माझा टाइम किती येतो ते मला बघायचं होतं.

बाबा : मी असण्या-नसण्याचा काय संबंध?

मुलगी : सरावात तुम्ही काय करता?

बाबा : काय करणार? घड्याळ धरतो आणि तुझ्याबरोबर कडेनं चालतो.

मुलगी : मी तुमच्या पायांकडे बघत पोहते. जाताना डावीकडे श्वास घेते, येताना उजवीकडे, कारण तुम्ही तिकडे असता. मी दमले की तुम्ही जोरात चालता आणि मी निमूट तुमच्यामागून येते. लहानपणापासून असंच चाललंय, मला कळलंही नव्हतं. त्या तलावात मान वळवली तर नुसती फरशी. हातपायच गळाले माझे.

आत्या : बाहेर येऊन रडत बसली. मला वाटलं पायात गोळा आला.

बाबा : टाइम किती आला?

मुलगी : कालच्याइतकाच. कालचा टाइम माझा आहे, बाबा. सरावातला आपल्या दोघांचा.

आत्या : दादा, पुन्हा चालायला लागू नकोस.

बाबा : थांब. आठव्या नंबरला कडेची लेन मिळते.

मुलगी : बाबा, नको.

बाबा : ऐकून तर घे. काल तू मधल्या लेनमध्ये होतीस. आज अगदी कडेला असशील, आणि माझ्याकडे प्रशिक्षकाचा पास आहे. मला तिथे उभं राहता येतं.

मुलगी : उभं राहता येतं. पोहणाऱ्याबरोबर चालता येत नाही. हा नियम तुम्हीच शिकवलात.

बाबा : पंचांचं लक्ष पाण्यात असतं. सगळेच प्रशिक्षक तिथे चुळबुळ करतात, माझी पावलं कोण बघत बसणार आहे?

मुलगी : आणि बघितली तर मी बाद.

बाबा : आणि नाही बघितली तर शिबिराला जाशील.

मुलगी : जाऊन काय करू? तिथे तुम्ही नसाल.

आत्या : घे. ऐकलंस?

बाबा : तू मध्ये पडू नकोस. इतकी वर्षं पहाटे उठून मी हिच्यासाठी चाललो, ते सगळं चुकलंच म्हणायचं?

मुलगी : चुकलं नाही हो. मला तुमचा राग नाही आलेला. पण आज वर आत्याजवळ बसा. कडेला दिसलात तर मी बघणारच, मला माझा भरवसा नाही.

बाबा : वर बसून मी काय करू?

मुलगी : बाकीचे लोक करतात तेच. बोलावतायत मला, जाऊ?

बाबा : जा. टोपी नीट ओढून घे.

(प्रेक्षकांच्या पायऱ्या. शर्यत सुरू झाली आहे.)

आत्या : पाय आवर. पुढच्या बाईच्या पाठीत लागतायत तुझे.

बाबा : मान वळवून बघतेय बघ.

आत्या : बघू दे.

बाबा : सहावी आहे. वळल्यावर ती नेहमी ढेपाळते, इथेच मी जोरात चालतो. हात सोड माझा, अजून खाली जाता येईल.

आत्या : नाही सोडणार. काय आरडाओरडा करायचा तो कर.

बाबा : अगं, सोड... थांब. वेग धरला का तिनं? पाचवीला गाठलं. हिला कुणी सांगितलं आत्ता जोर लावायला?

आत्या : कुणी नाही. पोहोचली बघ.

बाबा : कितवी? मला फलक दिसत नाहीये.

आत्या : डोळे पूस म्हणजे दिसेल. चौथी. कालच्यापेक्षा टाइम बराच चांगला आहे.

बाबा : सरावाइतका नाही.

आत्या : नाही.

बाबा : मी चाललो असतो तर पहिल्या दोघींत आली असती.

आत्या : आली असती.

बाबा : मग ती हसतेय कशाला?