गोदाक्काचं रक्त गेलं कुठे?

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला सांगा — आपलं माणूस बरं झालंय, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळतं, की कागदाकडे बघून? तोंडाकडे म्हणता? वा! फार शहाणे आहात! मग ऐका.

गोदाक्काला ताप भरला. तिचे यजमान भास्करराव, निवृत्त हेडमास्तर, बायकोवर भारी जीव! त्यांनी गावातच तिचं रक्त तपासून घेतलं आणि तिला जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रिपोर्ट पुढे केला, तर तिथले म्हणाले, बाहेरचा चालत नाही. बरोबरच आहे! गावातलं रक्त वेगळं, जिल्ह्यातलं वेगळं! पुन्हा सुई. संध्याकाळी अक्काला वरच्या मजल्यावर हलवलं. वरचे म्हणाले, खालचा रिपोर्ट वर आलेला नाही, पुन्हा घ्या. लिफ्टमध्ये रक्त बदललं असेल — काय सांगावं!

आणि मोठ्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं, रोज सकाळी रक्त तपासा. लिहिलं आणि गेले रजेवर! ताप उतरला, अक्का भाकरी मागायला लागली, पण ते लिहिलेलं खोडणार कोण? जो तो म्हणे, साहेबांनी लिहिलंय, काहीतरी कारण असेल. काकडआरतीला पुजारी चुकेल, पण सुईवाला चुकायचा नाही! भास्करराव स्वतः बाही वर सारून हात पुढे करायचे. कुणाचा? अक्काचा हो!

अक्काचा जीव मात्र माहेरी. तिचा धाकटा भाऊ अनंता — नवससायास करून थकलेला. त्याच्या घरी लेक झाली होती, आणि गुरुवारी दुपारी बारसं. अक्का एकुलती एक सख्खी आत्या! बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. मायबहिणींनो, तुम्हाला काय सांगायचं — कुर्र म्हणताना पाठीत धपाटे बसतात, पण त्या धपाट्यांसाठी बाई वर्षानुवर्षं वाट बघते. नाव तिनं मनात पक्कं केलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

इकडे रोज काढून काढून अक्काच्या अंगातलं रक्त उतरलं. डॉक्टरमंडळी चिंतेत! रक्त जातंय कुठे? पोटात झिरपतंय का? घाला दुर्बीण! आत काही सापडेना. मग शोध लावायला आणखी काय घेतलं? बोला — रक्त! बघा, आमच्या पेटीवाल्यालासुद्धा कळलं!

गुरुवारी सकाळी मोठे डॉक्टर रजेवरून आले. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, ही रोजची तपासणी केव्हाच थांबायला हवी होती, बाईंना घरी न्या, चांगलं खाऊपिऊ घाला. अक्का पिशवीतली नवी साडी काढून नेसलीसुद्धा.

पण भास्करराव! त्यांनी हात जोडले. "डॉक्टरसाहेब, निघता निघता एकदा शेवटचं बघून घ्या. मनाला खात्री."

अक्का म्हणाली, "अहो, मी बरी आहे."

"तुला काय कळतंय त्यातलं," मास्तर म्हणाले.

डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, तुमचं समाधान होत असेल तर घेऊ. घेतलं! मग मशीन बिघडलं, नमुना पुन्हा मागितला. पुन्हा दिला! रिपोर्ट हाती आला तेव्हा तिकडे पाळणा म्हणून झाला होता. वेळ टळते म्हणून अनंताच्या चुलतबहिणीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. भलतंच कुठलंतरी.

भास्करराव कागद नाचवत आले. "गोदे, सगळं नॉर्मल आहे."

नव्या साडीत खाटेवर बसलेली अक्का म्हणाली, "ते मी सकाळीच सांगितलं होतं."

भांडली नाही, रडली नाही. पण तिनं योजलेलं नाव काय होतं, ते मास्तरांनी कितीदा विचारलं तरी तिनं आजवर सांगितलेलं नाही.

दवाखान्याला हसलात ना? हसा! आता जरा इकडे बघा. हा बुवा तपासणी नको म्हणत नाही. ताप आला तर सुई टोचून घ्या, माझ्या अंगाऱ्यावर विसंबून बसू नका! पण काल गावी आईला फोन केलात, तेव्हा पहिलं काय विचारलंत? शुगर किती आली! ती म्हणाली, बरी आहे रे. तुम्ही म्हणालात, परत करून घे. आणि फोन ठेवलात. तिला अजून काहीतरी बोलायचं होतं, महाराज. ते कुठल्या बाटलीत भरून पाठवणार होती ती?