चंद्रमौळी मरत नाही

...आणि वर लोक मलाच खोटारडा म्हणतात! अहो, गावदेवी पोलेरम्माची शपथ घेऊन सांगतो, आता जे सांगणार आहे त्यातलं एक अक्षर खोटं नाही. सगळं या डोळ्यांनी पाहिलेलं... म्हणजे अगदी सगळं नाही, टॉकीजच्या दारात माझी मिरची भज्यांची गाडी, तेल तापलेलं टाकून माणूस जाणार कुठं? पण या कानांनी ऐकलेलं तर नक्की. आणि कानांनी ऐकलं नाही ते अप्पलस्वामीनं सांगितलं, आणि अप्पलस्वामी हल्ली कुणाशी बोलत नाही, म्हणून ते त्याच्या तोंडावरून ओळखलं. आता याहून खरं काय पाहिजे तुम्हाला, स्टँप पेपर?

अप्पलस्वामी म्हणजे आमच्या टॉकीजचा मशीनवाला. वरच्या खोलीत बसून रिळं चढवणारा. माझी चुलत बहीण पैडितल्ली त्याला दिलेली, म्हणून माझा बावा, म्हणजे मेहुणा. तर हा बावा पडला कुणाचा भक्त? वज्रनट चंद्रमौळीचा! तसा आमच्या नारळाच्या पट्ट्यात कोण नव्हता म्हणा. पिक्चर लागला की त्याचा साठ फुटी कटआउट उभा राहायचा आणि पोरं शिडी लावून त्याच्या डोक्यावर दुधाच्या घागरी ओतायची. प्लायवूडचा चंद्रमौळी न्हाऊन निघायचा आणि त्या दिवशी गावात चहा काळा!

सुरुवातीला कोण होता हो तो? पौराणिक पिक्चरमधे तिसऱ्या रांगेत भाला धरून उभा, पडद्यावर फक्त भालाच दिसायचा. तिथून जो सुटला तो एकशे अकरा पिक्चर! जी बाई आधी त्याची नायिका होती ती पुढं त्याची वहिनी झाली, मग आई झाली, मग हार घातलेल्या फोटोत जाऊन भिंतीवर बसली, तरी हा आपला कॉलेजात पहिल्या नंबरानं पास! आगीत पडला, दरीत पडला, रेल्वेखाली गेला, म्हणजे रेल्वेच त्याच्याखाली आली म्हणा... पण मेला? छे! आमचा चंद्रमौळी मरत नाही!

एकदा मेला होता. खोटं कशाला बोलू. एका पिक्चरच्या शेवटी आईच्या मांडीवर डोकं ठेवून मेला, कुण्या शहाण्या दिग्दर्शकाला काहीतरी नवीन करायची हौस आली होती. पहिल्याच खेळाला आमच्याकडं पंचेचाळीस खुर्च्या मोडल्या! त्यातली पहिली कुणी मोडली? अप्पलस्वामीनं! अठरा वर्षांचा होता, ढसाढसा रडतोय आणि खुर्ची उपटतोय. मालकानं कान धरला, "मोडतोस काय रे? दुरुस्त कर! दुरुस्त होईपर्यंत इथून हलायचं नाही!" तो जो तिथं राहिला तो राहिलाच. दुसऱ्या आठवड्यात निर्मात्यानं घाबरून नवीन शेवट काढून बसनं रीळ पाठवलं: देवळातली घंटा आपोआप वाजते आणि चंद्रमौळी टक्कन डोळे उघडतो! लोकांनी बसवरसुद्धा फुलं उधळली. आणि ते जुनं रीळ, मरणाचं? ते परत मागायला कोणी आलंच नाही. वरच्या खोलीत बाकाखाली पत्र्याच्या डब्यात पडून राहिलं. पुढं लग्न झाल्यावर पैडितल्ली जेवण घेऊन वर यायची ती त्याच पत्र्याच्या डब्यावर बसायची. तिला ठाऊकसुद्धा नव्हतं की आपण चंद्रमौळीच्या मरणावर बसून ताक पितोय.

मग तो आला राजकारणात. येणारच! म्हातारपणी गुडघे दुखायला लागले की उडी मारायची कुठं? एक पक्ष काढला, तो दुसऱ्यात बुडवला, तिसऱ्यात निघाला, आम्हाला काय त्याचं? आम्ही पक्षाला थोडंच मत देत होतो! उघड्या गाडीवर उभा राहून तो आपल्या पिक्चरचा संवाद म्हणायचा, "शब्द दिला की दिला, मग यम आला तरी त्यानं दाराबाहेर थांबायचं!" खाली पंचवीस हजार माणूस शिट्ट्या मारतंय. आणि शब्द काय दिला? इस्पितळाचा.

त्याचं असं आहे, आमच्याकडं घरटी एक माणूस मूत्रपिंडाच्या दुखण्याचं. पाण्यात आहे म्हणतात, मातीत आहे म्हणतात, मोठमोठे लोक येऊन विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेले, त्या बाटल्याही परत आल्या नाहीत आणि ते लोकही. पैडितल्लीला लागलं चाळिशीत. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, पहाटेच्या बसनं विशाखपट्टणमला जायचं, चार तास. यंत्राला लावून रक्त धुवून घ्यायचं, परत चार तास. पाणी प्यायचं मोजून, दिवसाला चार वाट्या. आणि नारळपाणी? विष! डॉक्टरनं अप्पलस्वामीला बजावलं होतं, "नारळपाणी पोटात गेलं तर हृदय बंद पडेल, समजलं?" अहो, दारात अकरा माड, बाई त्यांच्याकडं बघत ओठांवरून ओला रुमाल फिरवतेय! दोन वर्षं!

चंद्रमौळीनं इस्पितळाची कोनशिला दोनदा बसवली. फरशी तीच, तारीख तेवढी खरवडून नवी. तिसऱ्या निवडणुकीच्या आधी मात्र चमत्कार झाला. आमच्या चाहता संघाचा अध्यक्ष सूरिबाबू, छातीवर चंद्रमौळी गोंदवलेला माणूस, सोमवारी धावत अप्पलस्वामीकडं आला.

"बावा, उद्या बस पकडू नकोस! उद्या आपल्याच गावात मशीन सुरू! चंद्रमौळी अण्णा स्वतः येतायत, आणि पहिला पेशंट कोण? आपली पैडितल्ली अक्का!"

"उद्या मंगळवार आहे," पैडितल्ली म्हणाली. "माझी पाळी आहे तिकडं."

"अगं अक्का, तिकडची पाळी गेली खड्ड्यात! इकडं अण्णा तुझा हात धरणार!"

"हात धरून रक्त धुतात होय रे?"

अप्पलस्वामीनं तिच्याकडं बघितलं. त्याचं तोंड, तुम्हाला सांगतो, अठरा वर्षांच्या पोरासारखं झालं होतं. ते बघून ती गप्प बसली. बायका गप्प बसतात ना, तिथंच सगळी गोष्ट बिघडते बघा.

मंगळवारी सकाळी बघतो तर शाळेमागच्या मैदानात इस्पितळ! खांब, जिना, वर निळी पाटी! गेल्या आठवड्यापर्यंत तिथं म्हशी बसत होत्या हो! चार दिवस ताडपत्री लावून आत ठोकाठोकी चालली होती, आम्हाला वाटलं मांडव घालतायत. आता तुम्ही विचाराल, कुणाला शंका नाही आली? मी खांबाला टेकलो तर खांब हलला! माझ्या शर्टाला ओला रंग लागला! आणि अप्पलस्वामी, ज्यानं सत्तावीस वर्षं पडद्यावर प्लायवूडचे राजवाडे जळताना बघितले, त्याला कळू नये? पण आम्हा सिनेमाच्या गावातल्या लोकांची गंमतच ही, सेट दिसला की आम्हाला खरं वाटतं आणि खरी भिंत दिसली की म्हणतो, हॅ, यात काय मजा नाही!

आत एक खाट, खाटेशेजारी यंत्र, त्यावर दिवे लुकलुकतायत. पैडितल्लीला झोपवलं. एका माणसानं तिच्या हाताला नळी चिकटपट्टीनं चिकटवली.

"सुई?" ती म्हणाली.

"नवीन मशीन आहे अम्मा. परदेशी. सुई लागत नाही."

"मग नळीत रक्त कुठाय?"

तो माणूस गेला आणि नळीत लाल पाणी भरून आला! तत्पर! सिनेमावाले म्हणजे काम चोख हो!

चंद्रमौळी आला. पांढरा सदरा, केसांचा काळाभोर टोप, तोंडाला पावडर. फीत कापली, कॅमेरावाला म्हणाला, "सर, सावली पडली." "पुन्हा घेऊ!" फीत तीनदा कापली! मग खाटेपाशी येऊन पैडितल्लीचा हात धरला, कॅमेऱ्याकडं बघत म्हणाला, "शब्द दिला की दिला, अम्मा!" आणि मागं वळून ओरडला, "माझ्या बहिणीला नारळ द्या!"

आता इथं मी गाडी सोडून खिडकीपाशी उभा होतो, हे मी पाहिलंय, हे लिहून घ्या. नारळ सोलून आला. चंद्रमौळीनं स्वतःच्या हातानं तो पुढं केला. पैडितल्लीनं अप्पलस्वामीकडं बघितलं. त्यानं नुसतं "नको" म्हणायचं होतं, दोन अक्षरं! पण यंत्र लागलेलं, रक्त धुतलं जातंय, आणि अण्णांनी हातानं दिलेला नारळ... त्याची मान हलली. होय म्हणून. प्रसादाला हलवतात तशी हलली. तिनं तोंड लावलं. दोन वर्षांनी. काय प्यायली ती! गळ्याची शीर उडत होती.

"सर, नारळ तुमच्या तोंडाआड आला."

"पुन्हा घेऊ!"

दुसरा नारळ. तिसऱ्याला प्रकाश बरोबर पडला. टाळ्या! शिट्टी कुणी मारली पहिली? अप्पलस्वामीनं!

बुधवारी सकाळी ट्रक आला आणि इस्पितळ उचलून घेऊन गेला. खांब, जिना, यंत्र, सगळं. अप्पलस्वामी ट्रकच्या मागं पळतोय, "अहो, शुक्रवारी तिची पाळी आहे!" चंद्रमौळीचा सेक्रेटरी खिडकीतून म्हणतोय, "अरे बाबू, इमारत मंजूर आहे, हे फक्त प्रतीक होतं! मशीन पुढच्या शूटिंगला लागतंय, हीरोच्या आईला कॅन्सर आहे!"

बस पहाटेचीच, ती गेलेली. जीप शोधेस्तोवर दुपार. तिचे पाय सुजले होते, धाप लागली होती. मी उशाशी बसलो होतो. मी म्हटलं, "अक्का, तुला कळलं नव्हतं का गं, ते मशीन खोटं होतं ते?" मला ती तम्मुडू म्हणायची, धाकटा भाऊ म्हणून. हसली. म्हणाली, "मशीनचं राहू दे रे तम्मुडू. नारळ मात्र खरा होता." आणि मग म्हणाली, "त्याला बोलू नकोस काही. बावाला."

जीप अर्ध्या वाटेवरून परत आली.

महिन्यानं चंद्रमौळीचा वाढदिवस. निवडून आलेला! दर वर्षीसारखा तोच घंटेचा पिक्चर फुकट लावायचा आणि यंदा तो स्वतः बघायला येणार, आमच्याच टॉकीजमधे! हॉल खच्चून भरलेला, तो मधोमध सोफ्यावर. आणि वर खोलीत, तुम्हाला सांगतो, अप्पलस्वामीनं बाकाखालचा डबा ओढला. ज्यावर ती बसायची तो. झाकण गंजलेलं, ते उघडताना हाताला कापलं. ते जुनं रीळ काढलं आणि चढवलं!

चंद्रमौळी आईच्या मांडीवर डोकं ठेवतो. घंटा वाजत नाही. डोळे मिटतात. मिटलेलेच! पडदा पांढरा. हॉलमधे एक माणूस हलत नाही. मला वाटलं आता खुर्च्या मोडणार... एकही नाही! कारण प्रत्येकाच्या घरातलं कोणी ना कोणी असंच गेलेलं हो, घंटा न वाजता! मग सोफ्यावरचा म्हातारा उठला. टोप काढला. एकेक पायरी चढत वर खोलीत गेला, अप्पलस्वामीसमोर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "तिचं नाव काय होतं?"

...

काय बघताय? सांगतो. शपथ पोलेरम्माची घेतलीय, देवीला काय तोंड दाखवू. हा शेवट माझा. बस, खांब, तीन नारळ, ट्रक, ते सगळं जसंच्या तसं. पण हे रीळ मी चढवलं, इथं गाडीवर उभ्याउभ्या, गेली पंधरा वर्षं रोज चढवतोय. डबा त्यानं काढला होता, हे खरं. मी भजी द्यायला वर गेलो होतो तर मांडीवर घेऊन बसला होता, हाताला रक्त. मी म्हटलं, "बावा, चढव!" तो म्हणाला, "नको रे. लोक रडतील." आणि डबा परत बाकाखाली सरकवून त्यानं नेहमीचंच रीळ चढवलं. घंटा वाजली, चंद्रमौळीनं टक्कन डोळे उघडले, हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. वरून एक शिट्टी आली, कुणाची ते ओळखा. आणि साहेब? साहेब तर मध्यंतरातच निघून गेले होते, दुसऱ्या गावात केक कापायचा होता.

तेव्हापासून कोणी विचारलं ना, इस्पितळ कधी होणार, म्हातारा कधी सुधारणार, की मी आपला भज्यांना झारा लावतो आणि म्हणतो, आमचा चंद्रमौळी मरत नाही हो... ते काम त्यानं आमच्याकडं दिलंय. किती मिरच्या देऊ?