बुटांच्या दुकानातली बालवाडी

अहो, काचेला नाक लावून उभे राहू नका, तुमचं पोरगं बघेल आणि परत भोकाड पसरेल — या, या बाकावर बसा. पहिला दिवस ना? मग चालायचंच. मी? मी इथला दारवान. पगार नाही, रुबाब आहे. त्याआधी एकतीस वर्षं याच जागेत माझं बुटांचं दुकान होतं — काय सांगता, तुमचे शाळेचे बूट इथलेच? चावले नाहीत ना? मग झालं! पुढं लोक घरबसल्या फोनवर बूट मागवायला लागले आणि दुकान बसलं. माझी सून लहान मुलांना शिकवते — तेव्हा घरातल्या पुढच्या खोलीत अकरा पोरं कोंबून शिकवायची. म्हणाली, "बाबा, दुकान रिकामंच आहे, बालवाडीला देता?" मी म्हटलं, "दुकान बंद आहे, मेलं नाही अजून!" आणि दोन वर्षं रोज शटर वर करून, झाडून, गिऱ्हाइकाची वाट बघत बसलो. कोण येणार? धूळ!

मग एकदा घरात पाइप फुटला, खोलीत घोटाभर पाणी. सून अकरा पोरं घेऊन दुकानात हजर — "एक तास," एवढंच म्हणाली. मी तोंड फुगवून बसलो. तर एक चिमुरडी सरळ बाकावर चढली, पाय पुढं केला — मोजा म्हणे! दोन वर्षांतलं पहिलं गिऱ्हाईक — काढली पट्टी, मोजला पाय. झालं, अकराच्या अकरा अंगावर! आणि तो भिंतीला खाली आरसा दिसतोय? बूट बघायचा, गुडघ्याएवढा — मोठ्यांचे त्यात नुसते पाय दिसायचे, ही पोरं अख्खी दिसत होती! सुतार नंतर म्हणाला, काढू का. म्हटलं, हात तर लावून बघ.

मोठं मन? छे हो! सगळे तेच म्हणतात, मीही म्हणू देतो. तिनं जागा मागितली ना, तेव्हा मी आणखी एक बोललो होतो — "स्वतःचं एक झालं नाही, दुसऱ्यांची काय सांभाळणार?" गेलं तोंडातून. तिनं? माझा चहाचा कप उचलला, विसळला, ठेवला. पुढंही चहा रोज वेळेवर — त्याचाच त्रास जास्त. त्या दिवशी मात्र पोरं आरशापुढं नाचत होती आणि ती हसत होती, मोठ्यानं — दोन वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. माफी मागावी म्हणून उठलो — जीभच वळेना. खिशात दुकानाच्या किल्ल्या होत्या, त्या तिच्या हातात ठेवल्या. कळलं असेल ना तिला, कशाबद्दल ते? कळलंच असेल. तीन वर्षं झाली, विचारायचं राहूनच — ती बघा, इकडंच येतेय. उठा, तिला बसायला जागा द्या. अहो, उठा म्हणतो ना!